सशाचं रक्त, उंदराचा जीव आणि माणसाचा ताप

महाराष्ट्रात घरोघरी ज्याचं नाव घेतलं जातं असा फ्रेंच माणूस कोण? वर्गात विचारलं असतं तर निम्म्या पोरांनी नेपोलियन सांगितलं असतं. पण नेपोलियन परीक्षा संपली की विसरला जातो. दर पावसाळ्यात ज्याची आठवण निघते तो फर्नांद विडाल! "डॉक्टरांनी विडाल करायला सांगितलीय", "विडाल पॉझिटिव्ह आली", असं आपण सर्रास म्हणतो, तेव्हा हे एका माणसाचं आडनाव आहे हे ध्यानातही येत नाही.

टायफॉईडला आमच्या लहानपणी मुदतीचा ताप म्हणत. पुस्तकात विषमज्वर. तीन आठवड्यांची मुदत, ती भरली की ताप उतरणार, नाहीतर माणूस जाणार. माझ्या आजीची पाठची बहीण यातच गेली. पुढे घरात कुणाचा ताप पाच दिवसांवर गेला की आजी दिवस मोजायचंच सोडून देई. मोजले की मुदत लागते, अशी तिची समजूत!

तर विडाल. १८९६ साली त्याने दाखवलं की टायफॉईडच्या रोग्याच्या रक्तातलं पातळ पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, टायफॉईडच्या जंतूंवर टाकलं तर मोकळे पोहणारे जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. नासलेल्या दुधासारखं दिसतं ते. सीरममध्ये पाणी घालत जायचं आणि कितव्या पातळीपर्यंत गुठळ्या होतात ते बघायचं. रिपोर्टवर एकास ऐंशी, एकास एकशेसाठ असे आकडे असतात ते याचेच. गुठळ्या करणाऱ्या त्या द्रव्याला आपण आता अँटिबॉडी म्हणतो, शाळेच्या पुस्तकात प्रतिपिंड.

पण मला आज सांगायचंय ते विडालबद्दल नाही. त्याच साली टायफॉईडची लस निघाली, आणि लस चांगली की वाईट हे रक्तातल्या या आकड्यांवरून ठरवायची पद्धत पडली. आकडे कुणाच्या रक्तातले? बहुतेक वेळा सशाच्या. आणि जीव कुणाचा पणाला? पांढऱ्या उंदराचा, नाहीतर गिनीपिगचा. त्यावरून निर्णय मात्र माणसांसाठी! ही पद्धत साठेक वर्षं चालली, आणि मग एका लहानशा युरोपीय गावात तिची परीक्षा झाली. ती हकिकत मला इतिहासाची मास्तरीण म्हणून फार मोलाची वाटते. (विज्ञानाचा भाग भाचीकडून तपासून घेतला आहे. ती मायक्रोबायॉलॉजी शिकलेली आहे, आणि मावशीला सूट देत नाही.)

१८९६ साली जर्मनीत रिचर्ड फायफर आणि विल्हेल्म कोले यांनी, आणि इंग्लंडमध्ये आल्मरॉथ राईटने, मेलेले टायफॉईडचे जंतू माणसांना टोचले. पहिलं कोण, यावर दोन्हीकडच्यांनी पुढे भरपूर शाई खर्च केली. ते सोडून देऊ. फायफर-कोलेंनी टोचलेल्या माणसांचं सीरम घेतलं, ते जिवंत जंतूंबरोबर गिनीपिगच्या पोटात सोडलं, आणि जंतू विरघळून जातात, गिनीपिग जगतो, हे दाखवलं. म्हणजे माणसाला लस, आणि तिचा पुरावा प्राण्याच्या पोटात. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे.

राईट हा नेटली इथल्या ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय शाळेत शिकवत असे. हाफकिन (आपल्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा तोच) नेटलीला येऊन गेला होता आणि त्याच्या कॉलऱ्याच्या लशीवरून राईटला हे सुचलं. राईटची लस म्हणजे उष्णतेने मारलेले जंतू. टोचायची मात्रा किती, हे ठरवायला त्याने गिनीपिगचाच काटा वापरला. गिनीपिगला मारायला किती लागते त्यावरून माणसाची मात्रा. त्याचा सहकारी होता डेव्हिड सेंपल, आणि हे नाव आपल्या पिढीला माहीत नसलं तरी त्याचं काम आपल्या पोटाला ठाऊक आहे. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, ती लस या सेंपलची. तो पुढे हिंदुस्थानात आला आणि कसौलीची संस्था त्याने उभी केली.

राईट स्वतःही १८९८ साली प्लेगच्या कमिशनवर हिंदुस्थानात आला होता, आणि आल्यासरशी त्याने इथल्या काही हजार गोऱ्या सैनिकांना टायफॉईडची लस टोचली. नंतर बोअर युद्ध आलं. त्यात इंग्रजांचे सुमारे आठ हजार सैनिक टायफॉईडने मेले. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगांनी मेलेले जास्त! लस सक्तीची नव्हती, थोड्यांनीच घेतली, आणि घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची नोंद नीट ठेवली गेली नाही.

इथे कार्ल पिअर्सन हा संख्याशास्त्रज्ञ पुढे आला. १९०४ साली त्याने राईटचे आकडे तपासले आणि सांगितलं की यावरून लस उपयोगी आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. जे आपणहून टोचून घेतात ती माणसं मुळातच जास्त सावध असतात, पाणी उकळून पिणारी असतात. मग लशीचं श्रेय कुठलं आणि स्वभावाचं कुठलं? त्याने उपायही सुचवला. लस घ्यायला तयार असलेल्यांची यादी करा, आणि त्यातल्या दर दुसऱ्याला टोचा. किती साधी गोष्ट! पण राईट भडकला. वर्तमानपत्री भाषेत म्हणतात तशी दोघांत जुंपली. राईटच्या मते रक्तात प्रतिपिंडं दिसताहेत, आणखी काय हवं? त्याच्या नावावर इंग्लंडमध्ये कोटी होती, 'सर ऑल्मोस्ट राईट'. याच गृहस्थाने १९१३ साली बायकांना मताधिकार का देऊ नये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा त्याच्याबद्दल माझं मत पूर्ण निःपक्षपाती नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

पण लस सैन्यात रुळली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना ती सर्रास टोचली गेली आणि बोअर युद्धासारखी वाताहत झाली नाही. लशीमुळे की चांगल्या पाण्यामुळे? पिअर्सनची 'दर दुसरा' यादी कुणी केलेलीच नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हवं ते म्हणावं. दरम्यान या लशीत पॅराटायफॉईडचे दोन प्रकार मिसळून टीएबी लस झाली. आमच्या शाळेत जी टोचत ती हीच. ज्यांनी ती घेतली त्यांना दंड आठवेल! दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग तापाने गैरहजर आणि उरलेला हात वर करू शकत नाही, म्हणून उत्तर कोणाला विचारायचं हा मास्तरांपुढे प्रश्न.

आता या गोष्टीतला माझा सर्वात आवडता माणूस येतो. आर्थर फेलिक्स. जन्म १८८७चा, आजच्या पोलंडमधल्या एका गावात, तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं राज्य. पहिल्या महायुद्धात तो आणि एडमंड वाइल मिळून काम करत होते. टायफस तापासाठीची 'वाइल-फेलिक्स' टेस्ट यांचीच. (टायफस आणि टायफॉईड वेगळे, बरं का. नावाच्या साम्याने फार घोळ झाले आहेत.) वाइल १९२२ साली प्रयोगशाळेतच टायफसची लागण होऊन गेला. या दोघांनी दाखवून दिलं की जंतूच्या अंगावर एकच 'ओळख' नसते. शेपटांची ओळख वेगळी, अंगाची वेगळी. शेपटांची ती 'एच', अंगाची ती 'ओ'. एच हे अक्षर आलं श्वासाला असलेल्या जर्मन शब्दावरून, कारण शेपटं असलेले जंतू काचेवर उच्छ्वासाची वाफ धरावी तसे पसरतात. मला हे नाव फार आवडलं. आपल्या विडालच्या रिपोर्टवर अजूनही ओ आणि एच असे दोन रकाने असतात, ते इथून आलेले.

पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्सला एक कोडं पडलं. रोग्याच्या रक्तातून नुकतेच काढलेले काही जंतू असे असत की त्यांच्यावर 'ओ'चं सीरम टाकलं तरी गुठळ्याच होत नसत. आणि नेमके हेच जंतू उंदराला पटकन मारत. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांभाळलेले जंतू मात्र गुठळ्या करायला तयार आणि उंदरापुढे मवाळ. १९३४ साली फेलिक्स आणि त्याची सहकारी मार्गारेट पिट यांनी याचं उत्तर दिलं. या जहाल जंतूंच्या अंगावर आणखी एक आवरण असतं, पांघरुणासारखं, आणि त्याखाली 'ओ' झाकला जातो. जहालपणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याची पहिली दोन अक्षरं घेऊन त्यांनी त्याला 'व्हीआय' म्हटलं.

मग त्यांनी लशींची तुलना सुरू केली, सशांवर. जिवंत जहाल जंतू टोचलेल्या सशाच्या रक्तात व्हीआयची प्रतिपिंडं येत. उष्णतेने मारून फिनॉलमध्ये ठेवलेली जुनी लस, म्हणजे राईटच्या घराण्यातली, टोचली की ओ आणि एचची प्रतिपिंडं भरपूर, पण व्हीआयची येत नसत. आणि व्हीआयची प्रतिपिंडं असलेलं सशाचं सीरम उंदराला दिलं की उंदीर जहाल जंतूंपासून वाचे.

आता तुम्हीच सांगा, यातून काय निष्कर्ष निघतो? चाळीस वर्षं आपण लस बनवताना जंतूचं पांघरूणच जाळून टाकत होतो, आणि संरक्षण तर त्या पांघरुणाविरुद्धच्या प्रतिपिंडांत आहे! तर्क इतका स्वच्छ आहे की फळ्यावर लिहावा. फेलिक्सने मग पांघरूण टिकेल अशी लस केली. जंतू उष्णतेने न मारता अल्कोहोलने मारायचे आणि अल्कोहोलमध्येच ठेवायचे. १९४१ साली त्याने ती जाहीर केली. सशांच्या रक्तात व्हीआयची प्रतिपिंडं आली, उंदीर जुन्या लशीपेक्षा चांगले जगले, टोचल्यावर माणसाला त्रासही कमी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यानेही ती स्वीकारली.

फक्त एक गोष्ट राहिली होती. ती लस घेतलेल्या माणसांना टायफॉईड कमी होतो का, हे पिअर्सनच्या रीतीने कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहिलं गेलं युगोस्लाव्हियात. महायुद्धानंतर त्या देशात टायफॉईड ठाण मांडून होता. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ओसियेक या गावी (आता ते क्रोएशियात आहे, द्रावा नदीच्या काठी) आणि आसपास मोठी चाचणी झाली. आपणहून पुढे आलेल्या लोकांचे तीन गट केले. एकाला जुनी उष्णता-फिनॉलची लस, दुसऱ्याला फेलिक्सची अल्कोहोलची, आणि तिसऱ्याला टायफॉईडशी संबंध नसलेली टोचणी, तुलनेसाठी. आणि मग वाट बघायची, कोण आजारी पडतं ते. पिअर्सनने 'दर दुसरा' म्हटल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती!

निकाल असा लागला की जुनी लस घेतलेल्यांत टायफॉईड स्पष्टपणे कमी झाला, आणि अल्कोहोलची लस घेतलेल्यांना मिळालेलं संरक्षण अगदीच तोकडं निघालं. ज्या लशीला सशाने आणि उंदराने पहिला नंबर दिला होता ती माणसांत मागे पडली, आणि जिला त्यांनी जवळजवळ नापास केलं होतं ती पास झाली.

फेलिक्स १९५६च्या जानेवारीत वारला. युगोस्लाव्ह टायफॉईड आयोगाचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला १९५७ साली. हे सनावळीचं गणित मी दोनदा तपासून पाहिलं.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण शाळेत छत्तीस वर्षं पेपर तपासल्यावर ही गोष्ट परकी वाटत नाही. प्रतिपिंडांचा आकडा हे मार्क आहेत. मार्क खोटे नसतात. फेलिक्सच्या सशांच्या रक्तात व्हीआयची प्रतिपिंडं खरोखरच होती, त्यात काही लबाडी नव्हती. पण प्रश्नपत्रिका कुठली, ती कोणी सोडवली, आणि पुढे आयुष्यात काय विचारलं जाणार आहे, याचा मेळ बसला नाही. आणि उंदराची प्रश्नपत्रिका तर मुळातच वेगळी होती! टायफॉईडचा जंतू हा फक्त माणसाचा. गायीला नाही, कुत्र्याला नाही, उंदराला नाही. उंदराला तो तोंडावाटे दिला तर टायफॉईड होत नाही. म्हणून प्रयोगात काय करत, तर जंतू थेट पोटाच्या पोकळीत टोचत, आणि बऱ्याचदा त्यात म्युसिन हा चिकट पदार्थ मिसळत, म्हणजे उंदराच्या शरीराला प्रतिकार करणं अवघड जाईल. उंदीर एकदोन दिवसांत मरे. त्याला कुठला मुदतीचा ताप? माणसात जंतू पाण्याबरोबर आतड्यात जातो, आतड्याच्या भिंतीतून शिरतो, पांढऱ्या पेशींच्या पोटात लपून आठवडा-दोन आठवडे वाढतो, आणि मग ताप. उंदराच्या पोटातली ती घाईची झटापट आणि आपल्या अंगातलं हे लांबलेलं दुखणं, दोघांत सारखं ते काय?

चिंपांझीला मात्र तोंडावाटे लागण करता येते. पण चिंपांझी शेकड्यांनी कुठून आणणार? आणि आणावेत का? उंदरांचाही या हकिकतीत कुणी हिशेब ठेवलेला नाही. 'लशीची तुलना' या दोन शब्दांच्या मागे किती पिंजरे रिकामे झाले असतील!

ओसियेकनंतर सगळेच सावध झाले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या सैनिकी संस्थेत दोन प्रमाण लशी मोठ्या प्रमाणात एकदाच बनवून, सुकवून ठेवल्या. एक अ‍ॅसिटोनने मारलेली, तिचं नाव 'के', आणि दुसरी उष्णता-फिनॉलची, 'एल'. म्हणजे जगात कुठेही चाचणी करा, लस तीच. अ‍ॅसिटोनने व्हीआयचं पांघरूण टिकतं, हे महत्त्वाचं. १९६० सालापासून ब्रिटिश गयानात (आताचा गयाना) शाळकरी मुलांवर यांची चाचणी झाली. तिथल्या वर्गांत आपल्याकडून ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांची नातवंडं-पतवंडं बसलेली असणार, हे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही. तुलनेच्या गटातल्या मुलांना धनुर्वाताची लस दिली. ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. नुसतं पाणी टोचून मुलाला रडवायचं नाही, काहीतरी उपयोगाचं द्यायचं.

त्या मुलांवर सात वर्षं लक्ष ठेवलं. 'एल'ने चांगलं संरक्षण दिलं, 'के'ने त्याहून चांगलं. पाहा गंमत! पांघरूण टिकवणारी अल्कोहोलची लस नापास आणि पांघरूण टिकवणारी अ‍ॅसिटोनची लस पहिली. म्हणजे व्हीआय निरुपयोगी आहे म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेत मार्गारेट पिटमन या बाईंनी चाचण्यांत वापरलेल्या या लशी पुन्हा उंदरांवर तपासल्या, माणसांतला निकाल हाताशी ठेवून. म्हणजे आता उलटा प्रवास झाला. आधी उंदराने माणसाची लस ठरवायची, आता माणसांच्या निकालावरून उंदराच्या परीक्षेला मार्क द्यायचे. उंदराला जंतू कशातून टोचला, किती टोचला, यावर लशींचा क्रम बदलतो हे त्यातून लक्षात आलं.

याच काळात मेरीलँडमध्ये एक वेगळाच प्रकार चालला होता. तिथल्या तुरुंगातल्या कैद्यांनी संमती दिल्यावर त्यांना टायफॉईडचे जिवंत जंतू प्यायला देत. 'संमती' या शब्दावर मी अडखळले. गजांआडच्या माणसाची संमती किती खरी? आज अशी परवानगी कुणी देणार नाही. पण त्यातून कळलेलं खोडताही येत नाही. एक लाख जंतू दिले तर के आणि एल लशींचा उपयोग दिसे, एक कोटी दिले तर लस घेतलेले आणि न घेतलेले सारखेच आजारी. आणि रक्तात प्रतिपिंडं चांगली असलेली माणसंही आजारी पडत. लस ही छत्री आहे. रिमझिमीत भिजू देत नाही, ढगफुटीत काय करणार? पाणीच घाण असेल तर छत्र्या वाटून किती पुरणार, हा प्रश्न नगरपालिकांना विचारायचा.

आणखी एक गंमत. स्वित्झर्लंडमध्ये जर्मानियर आणि फ्यूरर यांनी १९७५ साली जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूची तोंडाने घ्यायची लस काढली. तिच्यातल्या जंतूला व्हीआयचं पांघरूण नाहीच. तरी इजिप्तमध्ये आणि चिलीमध्ये शाळकरी मुलांना तिने संरक्षण दिलं! फेलिक्सच्या तर्काप्रमाणे हे व्हायलाच नको होतं.

मग फेलिक्सचं व्हीआय वाया गेलं का? नाही. इथे गोष्टीला परत वळण आहे. व्हीआय शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याचीच लस करायचा प्रयत्न अमेरिकेत १९५०च्या दशकातच झाला होता, आणि फसला होता. पुढे कारण उमगलं. ते वेगळं काढताना गरम अ‍ॅसिडसारखे दांडगे उपाय वापरले जात. व्हीआय ही साखरेच्या कड्यांची लांबलचक साखळी, आणि तिच्या बहुतेक कड्यांवर एक लहानसा अ‍ॅसिटिल गट लटकलेला. दांडगाईत तो गळून पडे, आणि मग शरीर त्या साखळीला धड ओळखत नसे. लुगड्याचे काठ उसवून टाकले तर इरकल आहे की धारवाडी हे कशावरून ओळखणार? १९७२ साली वाँग आणि फीली यांनी सौम्य रीत काढली, काठ शाबूत राहिले.

त्या शुद्ध व्हीआयची चाचणी नेपाळमध्ये काठमांडूच्या खोऱ्यातल्या पाच खेड्यांत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांत झाली. दोन्हींचे निकाल १९८७ साली आले. लस घेतलेल्यांत टायफॉईड निम्म्याहून बराच कमी. फेलिक्स जाऊन तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

पण नुसत्या साखरेच्या साखळीची एक खोड आहे. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर तिला दाद देत नाही, आणि मोठ्यांनाही दुसरी टोचणी दिली तर प्रतिपिंडं पहिल्यापेक्षा चढत नाहीत. आठवण राहत नाही. वर्गात हुशार दिसणारं पण सुट्टीनंतर सगळं विसरून येणारं पोर असतं तसं. यावर उपाय शोधला अमेरिकेत शौसुन सू, जॉन रॉबिन्स, रेचल श्नीरसन या मंडळींनी. त्यांनी साखळी एखाद्या प्रथिनाला जोडली. धनुर्वाताचं, घटसर्पाचं, कॉलऱ्याचं, अशी निरनिराळी प्रथिनं घेऊन पाहिली आणि उंदरांना व लहान वयाच्या ऱ्हीसस माकडांना टोचून प्रतिपिंडं मोजली. हा निबंधही १९८७चाच. नुसत्या व्हीआयपेक्षा जोडलेल्या व्हीआयने प्रतिपिंडं कितीतरी जास्त आली, आणि दुसऱ्या टोचणीला आणखी चढली. म्हणजे आठवण राहिली!

पुन्हा उंदरांचंच रक्त. पण या वेळी प्राण्याला विचारलेला प्रश्न बदलला होता. "ही लस माणसाला वाचवेल का?" असं उंदराला कुणी विचारत नव्हतं. "जोडल्यावर तुझं शरीर हिला लक्षात ठेवतं का?" एवढंच विचारलं, आणि एवढ्याचं उत्तर देण्याची उंदराची लायकी होती. वाचवेल की नाही हे व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या दोन ते पाच वर्षांच्या अकरा हजारांवर मुलांनी सांगितलं. २००१ साली छापून आलेला आकडा ९१.५ टक्के.

आपल्याशी याचा संबंध इथे जवळचा होतो. हैदराबादच्या भारत बायोटेकने व्हीआय धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडून केलेली लस भारतात २०१३ साली परवाना मिळून आली, आणि २०१७च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. ती सहा महिन्यांच्या बाळालाही चालते, आणि एकच टोचणी. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून जास्त मुलांना ती टोचली. सरकारी यंत्रणेने ही लस एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिल्याचं हे पहिलं उदाहरण. आमच्या कुटुंबातली एक नात त्या रांगेत होती. तिचा दंड सुजला नाही आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, याचं तिच्या आजोबांना फार आश्चर्य वाटलं! नंतर नेपाळ, बांगलादेश आणि मलावीतल्या मोठ्या चाचण्यांत सुमारे ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के संरक्षण दिसलं. तिन्ही ठिकाणी तुलनेच्या मुलांना दुसरी एखादी उपयोगाची लस दिली गेली, गयानातल्या मुलांसारखी.

भाचीला मी शेवटी विचारलं की आता या लशीची प्रत्येक नवी खेप कशी पारखतात, उंदीर मारून? ती म्हणाली, मावशी, आता मुख्य भर रसायनशास्त्रावर. व्हीआय किती आहे, प्रथिनाला नीट जोडलंय का, आणि ते तुझे लुगड्याचे काठ, अ‍ॅसिटिल गट, ठरलेल्या प्रमाणात शाबूत आहेत का, हे मोजतात. आणि प्रतिपिंडं मोजायची तर त्यांचा जागतिक मापाचा जो प्रमाण नमुना ठेवलेला आहे, ते सीरम सशाचं नाही. माणसांचं आहे, लस टोचून घेतलेल्या.